संभाषणाचा तास

भाषेच्या अभ्यासात वाचन, लेखन व पाठांतर यांस जे स्थान मिळते, ते संभाषणास सहसा मिळत नाही. वाचनाची परीक्षा घेता येते, लेखनास गुण देता येतात. बोलण्याचे काय करावे, हे कोणास नीटसे ठाऊक नसते. म्हणून वेळापत्रकात संभाषणाचा तास असलाच, तर तो शनिवारी, शेवटचा आणि बहुधा स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या पोटात गडप होणारा. आमच्याकडेही तो तसाच होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या महामारीमुळे शाळा बंद झाल्या व त्या वर्षीच्या जूनपासून मोबाईलवरून शिकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा या उपेक्षित तासाकडे आम्हांस प्रथमच डोळे उघडून पाहावे लागले. त्या वर्षीची आमची टाचणवही अलीकडे कपाट आवरताना हाती लागली. तीत थोड्या यशाच्या आणि बऱ्याचशा फजितीच्या नोंदी आहेत. विद्यार्थ्यांस, आणि त्यांतूनही जे पुढे शिक्षक होऊ इच्छितात त्यांस, त्या उपयोगी पडतील असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकविणे ही पुण्या-मुंबईहून निराळी गोष्ट आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारी आपली कुटुंबे बहुतांशी खानदेशातून आलेली आहेत. जळगावहून निघणारी रेल्वे अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असे करीत उधन्यास येते. त्याच वाटेने माणसे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या मिलांत आणि साड्यांच्या बाजारात कामास आली व येथेच स्थिरावली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा चार भाषांतून आपला विद्यार्थी दररोज ये-जा करतो. त्यांपैकी पुस्तकी मराठी तो ऐकतो पुष्कळ, पण बोलतो फार थोडी. वर्गात असताना निदान ‘सर, आत येऊ का?’ एवढे तरी तो म्हणे. शाळा बंद झाल्यावर तेवढेही उरले नाही.

आमच्या इयत्ता नववीच्या वर्गाची त्या जूनमधील स्थिती अशी होती. टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली. मे महिन्यात श्रमिकांसाठी खास गाड्या सुटू लागल्या. त्यापूर्वी व त्यानंतरही मिळेल त्या वाहनाने, क्वचित पायीसुद्धा, कित्येक कुटुंबे गावी निघून गेली. पटावरील काही मुले धुळे जिल्ह्यात, काही नंदुरबारकडे, तर काही येथेच एका खोलीत आईवडील व भावंडे यांच्यासह. बहुतेक घरांत मोबाईल एक, आणि तोही वडिलांच्या खिशात. माग पुन्हा सुरू झाल्यावर वडील बारा तासांच्या पाळीस जात व मोबाईल त्यांच्याबरोबर जाई. सकाळी अकराचा आमचा तास त्यामुळे कोणासाठी भरत होता, हा प्रश्नच होता.

दुरून शिकविण्याची कल्पना काही नवी नव्हे. १९३७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी पोलिओची साथ आल्यामुळे शाळा उघडणे लांबणीवर पडले, तेव्हा तेथील मुलांस रेडिओवरून धडे देण्यात आले व त्यांचे वेळापत्रक वृत्तपत्रांतून छापले गेले. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. आपल्या गुजरातेत खेडा जिल्ह्यासाठी पीज येथून प्रक्षेपण होत असे. महामारीतही दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवर शालेय पाठ दाखविले जात होते. हे सर्व उपक्रम मोलाचे खरेच. पण त्यांत सांगणारा एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे. गणिताची रीत अशी सांगता येईल, इतिहासातील एखादे युद्धही सांगता येईल. संभाषण मात्र सांगता येत नाही, ते करावे लागते. आमच्या हाती असलेले साधन दोन्ही बाजूंनी बोलू देणारे होते, आणि तरीही आम्ही त्याचा पहिला महिनाभर रेडिओच करून टाकला.

हे आमच्या ध्यानी कसे आले, तेही सांगतो. जुलैतील एका तासाचे आम्ही ध्वनिमुद्रण केले होते. विषय होता ‘माझा आवडता सण’. रात्री ते ऐकताना सहज घड्याळ लावले. ४० मिनिटांच्या त्या तासात आम्ही स्वतः ३१ मिनिटे बोललो होतो! उरलेल्या वेळात ‘सर, आवाज येत नाही’, ‘सर, आवाज येतो आहे’ आणि ‘हो सर’ यांखेरीज मुलांचे पूर्ण वाक्य म्हणावे असे फारच थोडे होते. संभाषणाच्या तासात संभाषण शिक्षकाचे झाले आणि मुलांच्या वाट्यास श्रवणभक्ती आली. वर्गात आपण समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून बोलतो, म्हणून हा दोष झाकला जातो. नेट वाचविण्यासाठी चित्र बंद ठेवलेल्या काळ्या चौकोनांपुढे तो झाकण्यास जागा नव्हती.

पहिला बदल अगदी बाह्य कारणामुळे झाला. व्हॉट्सॲपवर एका वेळी किती जणांस एकत्र बोलता येईल, याची मर्यादा एप्रिल २०२० मध्ये चारावरून आठावर गेली होती. मोठ्या सभेपेक्षा ही सोय मुलांस ठाऊक असलेली, आणि नुसता आवाज पाठवावयाचा असल्याने नेटही कमी खाणारी. म्हणून आम्ही वर्गाचे सात-सात मुलांचे गट पाडले, आठवे आम्ही. वेळ ठेवली रात्री साडेआठची, म्हणजे पाळी सुटून वडील घरी आल्यानंतरची. एका संध्याकाळी एक गट, आठवड्यातून प्रत्येकाची एक पाळी. आमचा घरचा वेळ गेला खरा, परंतु आठ माणसांत गप्प बसणे हे अठ्ठेचाळिसांत गप्प बसण्याइतके सोपे नसते, हे पहिल्याच आठवड्यात दिसून आले.

दुसरा बदल आम्हांस स्वतःत करावा लागला, व तो अधिक कठीण होता. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंतचा क्षण आम्हांस सोसत नसे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासून असे दाखविले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मोबाईलवर तर आवाज पोहोचण्यासच विलंब होतो, त्यात घरच्या गलक्यात मुलास बटण शोधून ध्वनी चालू करावयाचा असतो. आम्ही मनात दहा अंक मोजू लागलो. आरंभी ते दहा अंक फार जड गेले. पण सातव्या-आठव्या अंकास कोठून तरी खाकरल्याचा आवाज येई आणि मग वाक्य येई. बोलणाऱ्याने पुढच्याचे नाव घ्यावयाचे व पुढच्याने प्रथम आधीच्यास एक प्रश्न विचारून मगच स्वतःचे सांगावयाचे, असा नियम केला. मुलांनी त्यास ‘साखळी’ हे नाव दिले. त्यामुळे दुसऱ्याचे बोलणे ऐकणे भागच पडू लागले. न ऐकता प्रश्न विचारणार कसा?

आता विषयांविषयी. ‘माझा आवडता सण’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे विषय निबंधास ठीक असतील; संभाषणात ते मरतात. कारण त्यांची उत्तरे शिक्षकास, विद्यार्थ्यास आणि मार्गदर्शक पुस्तकास आधीच ठाऊक असतात. जे ऐकणाऱ्यास ठाऊक नाही तेच सांगण्यात माणसास गोडी वाटते. म्हणून ‘घरातील एक वस्तू न दाखविता तिचे वर्णन करा, इतरांनी ओळखावी’ असा खेळ सुरू केला. एका मुलीने सांगितले, “ती बोटाएवढी आहे, पोकळ आहे, तिच्या अंगावर रंगीत कपडे असतात आणि दिवसाच्या शेवटी ती उघडी होते.” कोणी पेन म्हणाले, कोणी बाहुली. ती होती मागावरची बॉबिन! दुसऱ्या एका गटात, मागावरील बीम संपला म्हणजे पुढे काय करतात, असे आम्ही विचारले. आम्हांस ते खरोखरच माहीत नव्हते. वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलाने सुमारे पाच मिनिटे सांगितले की, नवा बीम चढवून त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाशी बोटांनी जोडतात, असे हजारो धागे असतात, आणि एक चुकला तर कापडात रेघ पडते. हे त्याने वडिलांशेजारी बसून पाहिले होते. मध्येच त्याचे वडीलच बोलू लागले, तेव्हा तो त्यांस म्हणाला, “थांबा ना बाबा, माझा तास आहे.”

आता ज्या चुकीची खंत वाटते तिच्याकडे वळतो. शिंदखेडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावी गेलेला आमचा एक विद्यार्थी पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर बसून तासास येई, कारण गावात रेंज तेवढ्याच जागी. एकदा साखळीत त्याचे नाव आले तेव्हा तो म्हणाला, “आठे रेंज नही शे, सर.” आम्ही तत्काळ म्हटले, “येथे रेंज नाही, असे म्हणावे.” कोणीतरी फिसकन हसले. तो पुन्हा काही बोलला नाही. पुढील तीन आठवडे तो आला नाही. रेंज नसावी, असे आम्ही मनाचे समाधान करून घेतले. नंतर त्याच्या मित्राकडून कळले की, तो ओट्यावर येऊन बसत असे, पण तासात शिरत नसे.

शुद्ध भाषेचा आग्रह धरू नये असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेत, अर्जात, सभेत ती लागतेच आणि ती शिकविणे हे आमचे कामच आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. याच सुरतेत १८४० नंतरच्या काळात दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक होते. १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे ते हेच. व्याकरणाचा एवढा मोठा अधिकारी, पण सुरतेत त्यांनी केले काय? दुर्गाराम महेताजी व इतर स्नेही यांच्यासह १८४४ मध्ये मानवधर्मसभा स्थापन केली. तेथे सभा भरत, जातिभेद व मंत्रतंत्र यांवर उघड चर्चा होई आणि मांत्रिकांस आपली विद्या सिद्ध करून दाखविण्याचे आव्हान दिले जाई. गुजराती बोलणाऱ्या त्या सभेत हा मराठी व्याकरणकार बसत असे. त्या बैठकांत कोण कसे बोलले हे आज सांगता येत नाही. पण प्रत्येक वाक्यास व्याकरणाचा अडसर घातला असता, तर चर्चा पुढे सरकली नसती एवढे आम्हांस निश्चित वाटते.

त्यानंतर आम्ही बोलण्याच्या ओघात दुरुस्ती करणे सोडले. ऐकताना वहीत टिपून ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला, एकट्याला, आपल्या आवाजात पाठवावयाचे: प्रथम त्याने सांगितलेल्यातील एखादी आवडलेली गोष्ट, मग दोन वाक्यांची दुरुस्ती. दोनच; तिसरी नाही. त्या मुलासही आम्ही असाच संदेश पाठविला, त्यात आमची चूक कबूल केली आणि ‘आठे’ हा शब्द आम्हांस पुन्हा ऐकावयाचा आहे असे सांगितले. उत्तर आले नाही. परंतु पुढच्या गुरुवारी तो तासात आला व ध्वनी बंद ठेवून ऐकत बसला.

त्या काळात आम्ही मुलांस घरच्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारून यावयास सांगत असू: ‘यापूर्वी असे संकट कधी पाहिले होते?’ सुरतेत या प्रश्नास दोन उत्तरे हमखास येतात. एक, सप्टेंबर १९९४ मधील प्लेग, ज्याच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून पळाली. दुसरे, ऑगस्ट २००६ मधील पूर. पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्या गुरुवारी एक मुलगी सांगत होती, “आजी म्हणते, आमची शिलाईची मशीन रेलमध्ये वाहून गेली.” आणि एकाएकी एक अनोळखी, वृद्ध आवाज आला, “रेल्वेमा मशीन कशी काय वाही गई रे?”

तो त्या मुलाच्या आजोबांचा आवाज होता. ते ओट्यावर नातवाशेजारी बसून ऐकत होते आणि ध्वनी केव्हा चालू झाला ते नातवास कळले नव्हते. सुरती बोलीत ‘रेल’ म्हणजे पूर, हे आम्हांस सुरतेत आल्यावर प्रथमच समजले होते. आजोबांस ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलगा त्यांस अहिराणीत समजावू लागला, आणि आम्ही सातही जण निमूटपणे ऐकत राहिलो. मग आजोबा काही बोलले, ते मुलाने आपण होऊन मराठीत सांगितले: “आजोबा म्हणतात, त्या वर्षी आमच्या गावीही तापी मारुतीच्या पायरीपर्यंत आली होती. ते म्हणतात, आधी इथे आली, मग तुमच्याकडे.”

यानंतर साखळी तुटली व सर्व एकदम बोलू लागले. तापी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहते आणि उकाई ओलांडून सुरतेजवळ समुद्रास मिळते. हा भूगोल वर्गात कितीदा घोकून घेतला होता! परंतु आपण जिच्या काठी बसलो आहोत तीच नदी वर्गमित्राच्या दारावरून येते, हे त्या रात्री पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आले. “म्हणजे आमची मशीन बुडविणारे पाणी तुमच्या गावचे होते?” मुलीने विचारले. “पाणी आमचे, पण धरण तुमचे,” तो म्हणाला. “पाणी यायला किती वेळ लागतो?” “आज टाकलेली काडी कधी येईल?” “मध्ये धरण आहे, काडी अडकेल.” “मग धरणाची दारे उघडली तर?” आमच्या वहीत त्या तासापुढे लिहिले आहे: तास ५५ मिनिटे, आम्ही बोललो ४ मिनिटे. त्या मुलाच्या भाषेत त्या रात्री ‘आठे’ही होते आणि ‘येथे’ही. आजोबांशी एक, आमच्याशी दुसरे. कोठे काय वापरावे हे त्यास कोणी सांगावे लागले नाही.

सर्वच संध्याकाळी अशा नव्हत्या. काही मुले शेवटपर्यंत आवाक्याबाहेर राहिली. ज्यांच्या घरी साधा फोनही नव्हता त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही. सोलापुरात नीलमनगर या कामगार वस्तीतील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले, सुमारे ३०० भिंती. चालता-चालता मुलांनी वाचावे म्हणून. ते वृत्त वाचून आम्हांस आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. आणखी एका संध्याकाळी गटातील एका मुलीच्या वडिलांना दवाखान्यात नेल्याचे कळले. त्या दिवशीचा विषय आम्ही बाजूस ठेवला. मुलांनी तिला एकेक करून विचारले: “जेवलीस का?” “घरी कोण आहे?” “लहान भाऊ कोठे झोपतो?” “दवाखान्यातून फोन येतो का?” विचारून झाल्यावरही कोणी फोन ठेवला नाही, कोणीच काही न बोलता बराच वेळ सर्व तसेच राहिले. तिचे वडील सोळाव्या दिवशी घरी आले. त्या दिवशी आम्ही काही टिपून घेतले नव्हते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी नववीचे वर्ग शाळेत पुन्हा भरले. पालकांचे संमतिपत्र घेऊन, तोंडावर मुखपट्टी बांधून मुले आली. एका बाकावर एक, असे बसविले. आम्ही आनंदाच्या भरात फळ्यापुढे उभे राहून बोलू लागलो आणि बोलतच राहिलो. मुले हाताची घडी घालून ऐकत होती. मागच्या बाकावरून बीमचे धागे सांगणाऱ्या त्या मुलाने हात वर केला व विचारले, “सर, आज साखळी नाही का?”

आम्ही खुर्चीत बसलो आणि मनात अंक मोजू लागलो. शिंदखेड्याकडील मुलगा अजून गावीच होता. त्याला रात्री साडेआठला फोन लावावयाचा, असे त्या दिवशी वर्गाने ठरविले; कोणी लावावयाचा, यावर मात्र बराच वेळ वाद झाला.